दुसऱ्या गाडीचं इंजिन

आमच्या पिकअपचं इंजिन बंद पडलं तेव्हा गाडीत राखेच्या विटा भरलेल्या होत्या. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून जी राख निघते तिच्या विटा करणारे छोटे कारखाने आमच्या भागात आहेत. माझी आई अशाच एका कारखान्यात विटा रचते आणि बाबा त्या विटा स्वतःच्या गाडीतून गावोगाव पोचवतात. त्या दिवशी आई गाडीत बाबांच्या शेजारीच बसलेली होती. ती सांगते की आधी खालून लोखंड घासल्यासारखा आवाज आला, मग गाडीने एक झटका दिला आणि सगळं शांत झालं. बाबा उतरले, बॉनेट उघडून नुसते पाहत राहिले. आईने विचारलं, "काय झालं?" तर एवढंच म्हणाले, "झालं."

मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होते. मी इतिहास घेऊन बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे कुठलाही कागद आला किंवा कुठलंही यंत्र बिघडलं की सगळे माझ्याकडे पाहतात. इतिहासात इंजिनाबद्दल काही नसतं, हे मी अनेकदा सांगून पाहिलं आहे. म्हणून पुढे लिहिताना यंत्राच्या बाबतीत काही चुकलं असेल तर ती माझी समजूत कमी पडली, असं मानावं. बाकीचं मी स्वतः पाहिलं आहे.

गाडी दुसऱ्या गाडीने ओढत आणून अंगणात लावली. बाबा रोजच्या वेळेला उठायचे, आंघोळ करायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि जाऊन गाडीत बसायचे. सुरुवातीला आई दारातून म्हणायची, "कोठं निघाले साहेब, दिल्लीले?" बाबा हसून म्हणायचे, "तुले यायचं असंल तर बस." मग त्यांचं हसणं थांबलं, आणि काही दिवसांनी आईचं विचारणंही. जेवायला बोलावलं की ते येत, जेवत आणि परत जाऊन बसत. एकदा मी कॉलेजातून आले तेव्हा ते काचेला डोकं टेकून तिथेच झोपले होते. मी त्यांना उठवलं नाही. मला वाटलं, हा माणूस लवकर रस्त्याला लागला नाही तर असाच थोडा थोडा कमी होत जाईल. मी हे कोणाला बोलले नाही. आईलाही तेच वाटत असावं, कारण तिने त्याच आठवड्यात मिस्त्रीला घरी बोलावून आणलं.

मिस्त्रीचं गॅरेज कोराडी रोडवर आहे. त्याने इंजिनात टॉर्च मारून पाहिलं आणि मान हलवली.

"याचा ब्लॉकच फुटला भाऊ. बनवून देईन, पण पुन्हा बंद पडंल. त्याच्यापेक्षा याच कंपनीचं मोठं इंजिन टाका. मोठ्या मॉडेलचं. भंगारात भेटते."

बाबा म्हणाले, "मोठं बसते का याच्यात?"

"बसत नाही. बसवा लागते."

"गाडी म्हातारी आहे गा. झेपंल का तिले?"

"म्हाताऱ्या माणसाले नवीन दात बसवते, मंग काय मरते का तो? फक्त जास्त कडक खाऊ नका."

बाबा खूप दिवसांनी हसले. तिथेच ठरलं.

पुढच्या रविवारी आम्ही नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. मी सोबत होते, कारण इंजिन बदललं की आरटीओची परवानगी काढून नवा नंबर गाडीच्या कागदावर चढवावा लागतो आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं होतं. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्यांचे अवयव ठेवलेले असतात. एका दुकानात नुसते दरवाजे, एकात नुसते दिवे. आम्हाला हवं ते इंजिन एका जुन्या टायरवर बसवून ठेवलेलं होतं. मिस्त्रीने त्याचं झाकण काढून आत बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल अंगठ्यावर चोळून पाहिलं आणि बाबांकडे बघून मान डोलावली.

बाबांनी दुकानदाराला एकच गोष्ट विचारली. "याच्या गाडीत माणूस गेला होता का?"

दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुम्ही इंजिन पाहून राहिले का पत्रिका?"

"सांगा ना."

"नाही गेला कोणी. मालकानं नवीन गाडी घेतली, जुनी तोडाले दिली. बस?"

बाबा "बस" म्हणाले.

हा प्रश्न आमच्याकडचे सगळेच ड्रायव्हर विचारतात. जुना भाग घेताना तो अपघाताच्या गाडीचा आहे का, आणि त्या अपघातात कोणी गेलं का, हे विचारल्याशिवाय कोणी घेत नाही. गेलं असेल तर बहुतेक जण त्यावर निंबू-मिरची बांधतात, नारळ फोडतात, आणि मग निश्चिंतपणे गाडी चालवतात. आमच्या घरी यातलं काही नाही. माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा ते तरुण होते. त्या दिवशी घरातले देव गेले आणि त्यांच्यासोबत निंबू, नारळ, अंगारा सगळं गेलं. तरीही बाबा हा प्रश्न विचारतात, आणि माणूस गेला असं कळलं तर तो भाग घेतच नाहीत. लहानपणी मला हे विसंगत वाटायचं. भूत नाही, आत्मा नाही असं शिकवणारे बाबा लोखंडाच्या तुकड्याला का घाबरतात, हे मला समजायचं नाही. पण विचारायची हिंमत झाली नव्हती.

इंजिन बसवायला मिस्त्रीला वाटला होता त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी कॉलेजातून येताना रोज गॅरेजच्या स्टॉपवर उतरायचे. जुनं इंजिन साखळीच्या कप्पीने उचलून बाहेर काढलं तेव्हा गाडीची पुढची बाजू एकदम वर आली, जणू डोक्यावरचा भारा कोणी उतरवून घेतला. नवं इंजिन तिथे अलगद उतरवलं तर ते खालच्या आडव्या पट्टीवर टेकलं. ती पट्टी कापून, खाली वाकवून पुन्हा जोडली. मग पंखा रेडिएटरला लागायला लागला, म्हणून रेडिएटर पुढे सरकवला. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा आता जास्त लांब पडत होता, तो लेथवाल्याकडून कापून आणला. एक गोष्ट जागेवर आली की दुसरी जागा सोडायची. मिस्त्री वैतागून म्हणायचा, "सासुरवाडीले मोठा जावई आला का असंच होते. साऱ्याईले सरकावं लागते." शेवटी बॉनेट लागेना. त्याने बिजागऱ्यांखाली वॉशर घालून ते वर उचललं. तेव्हापासून आमच्या गाडीचं तोंड थोडं उघडं दिसतं.

त्या इंजिनासोबत पत्र्याचा एक आडोसा आला होता. रंगाचा डबा कापून, सपाट करून, कडा आत दुमडून कोणीतरी तो बनवला होता आणि गरम पाइपची धग बॅटरीला लागू नये म्हणून मधे बसवला होता. मिस्त्रीने तो काढून फेकायला उचलला, मग उलटसुलट करून पाहिला. "ज्यानं बनवलं त्यानं चांगलं डोस्कं लावलं," तो म्हणाला, आणि परत जागेवर बसवला.

गाडी सुरू करायच्या दिवशी त्याने नारळ आणला होता. बाबा म्हणाले, "आपल्याकडं नाही फोडत गा."

"गाडी तुमची, गॅरेज माह्यं," मिस्त्री म्हणाला आणि त्याने तो आपल्या उंबऱ्यावर फोडला. खोबरं आम्ही सगळ्यांनी खाल्लं. मग बाबांनी किल्ली फिरवली.

तो आवाज आमच्या गाडीचा नव्हता. जुनं इंजिन कुरकुरत चालायचं. हे खालच्या आवाजात, सावकाश, भरून बोलल्यासारखं चालत होतं. मिस्त्रीने बजावून सांगितलं की ताकद वाढली पण ब्रेक जुनेच आहेत, तेव्हा माल पूर्वीइतकाच भरायचा. बाबांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष आवाजाकडे होतं. घरी आल्यावर आई बाहेर येऊन म्हणाली, "बाप्पा, हे तर ट्रकवानी बोलते." बाबांनी तिला बसवून गावाला एक चक्कर मारून आणली. आरटीओचं कामही हळूहळू पार पडलं. बाबा पुन्हा कामाला जाऊ लागले. जेवताना बोलू लागले. कुठला मालक विटा मोजताना कसा खोटं बोलतो, कुठल्या गावच्या पुलावर किती वेळ अडकलो. मी ते ऐकत असायचे, आणि मला वाटायचं की आपलं घर परत जागेवर आलं.

मग एक सुट्टीचा दिवस आला. मी डबा घेऊन कारखान्यावर गेले होते. बाबांच्या गाडीत विटा भरल्या जात होत्या आणि चार-पाच ड्रायव्हर बॉनेट उघडून मोठं इंजिन बघत उभे होते. एकमेकांची थट्टा चालली होती. एक जण म्हणाला, "आता हे गाडी राहिली का रेल्वे?" तेवढ्यात सावनेरकडून माल न्यायला येणारा एक वयस्कर ड्रायव्हर पुढे झाला. त्याने वाकून आत पाहिलं, हात घालून तो पत्र्याचा आडोसा चाचपला आणि तसाच थांबला.

"हे कोठून आणलं?" त्याने विचारलं.

"नागपूरहून. भंगारातून," बाबा म्हणाले.

"हा पत्रा मी कापला होता."

त्याने दुमडलेल्या कडेवर अंगठा फिरवला. "आमच्या गावचा पोट्टा होता. त्याची गाडी. बॅटरी घडीघडी उतरे म्हणून आमी दोघानं बसून बनवलं होतं हे. चौकात टिप्परनं बाजूनं दिलं त्याले. दाराच्या बाजूनं. इंजिनाले काही नाही झालं." त्याने हात बाहेर काढला. "तो जागीच गेला."

बाबांनी विचारलं, "घरी कोण आहे त्याच्या?"

"माय-बाप आहेत. एकच होता."

बाबांनी बॉनेट बंद केलं. विटा भरून झाल्या होत्या आणि पुढे कोणाचा तरी गवंडी वाट पाहत होता, म्हणून तो माल त्यांनी पोचवला. मी शेजारी बसले होते. घरी येऊन त्यांनी गाडी अंगणात लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि ओसरीत गाडीकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मागच्या वेळी ते निदान गाडीत जाऊन बसायचे. या वेळी तिकडे पाहतही नव्हते.

आईला राग आला. "दुकानदार खोटं बोलला, त्यात तुमचा काय गुन्हा? आता काय काढून फेकता का ते?"

"काढून कोणाले देऊ? ज्याले देईन त्याले सांगावं तर लागंल."

"मंग चालवा ना."



त्या संध्याकाळी जेवताना मी धीर करून विचारलं. म्हटलं, "बाबा, आपण तर हे मानत नाही ना? भूतबित, अपशकुन?"

"नाही मानत."

"मग?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मानत नाही म्हणून तर अडचण आहे, बाई. जो मानते तो निंबू बांधते न् मोकळा होते. त्याचं काम झालं. मी काय बांधू? माह्या पोटासाठी मी त्याईच्या पोट्ट्याचं इंजिन पळवून राहिलो, न् त्याईले मालूमच नाही. हे निंबवानं कसं सुटंल?"

आई म्हणाली, "मंग कशानं सुटंल?"

"जाऊन विचारतो. चालवू का, म्हणून. नाही म्हटलं तर काढून टाकीन."

मला ते बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर मला बाबांचा अभिमान वाटला. पुस्तकांत ज्याला नीतिमत्ता म्हणतात ती आमच्या ओसरीत डाळ-भाताच्या ताटापुढे बसली आहे, असं काहीतरी मनात आलं. आईने मात्र ताटं उचलता उचलता विचारलं, "न् त्याईले ऐकाचं आहे का?" आम्ही दोघांनीही तिकडे फार लक्ष दिलं नाही.

आम्ही एसटीने गेलो. गाडी घेऊन त्या दारात जाणं बाबांना शक्य नव्हतं. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता आणि पत्र्याचा तो आडोसा काढून, पेपरात गुंडाळून कापडी पिशवीत घेतला होता. घरच्यांना ठेवायचा असेल तर देऊ, म्हणाले. सावनेरला उतरून दुसरी बस, मग थोडं चालणं. कापूस निघायचे दिवस होते. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले होते.

त्या वयस्कर ड्रायव्हरने खूण सांगितली होती, त्यामुळे घर सापडायला अडचण आली नाही. समोरच्या खोलीत कापसाचा ढीग होता आणि त्याच्या बाजूला मुलाचे वडील खाटेवर बसलेले होते. बाबांनी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आमच्याकडे आडनावावरून जे कळायचं ते लगेच कळतं. त्यांनी आत हाक मारली आणि मुलाची आई पाणी घेऊन आली. तिने पेला सरळ बाबांच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खाली बसली. माझ्याकडे बघून विचारलं, "शिकते का वं?" मी हो म्हटलं.

बाबांनी सगळं सांगितलं. ते हळू बोलतात, आणि त्या दिवशी आणखी हळू बोलत होते. गाडी कशी बंद पडली, इंजिन कुठून घेतलं, दुकानदाराला काय विचारलं, त्याने काय सांगितलं, मग कसं कळलं. शेवटी म्हणाले, "मले मालूम नव्हतं. मालूम असतं तर घेतलं नसतं. आता तुमी सांगा. चालवू का नको चालवू?"

वडील कापसाकडे पाहत राहिले. बोलली ती मुलाची आई.

"ते चालून राहिलं?"

"हाव, चालते."

"मले तर सांगतलं होतं का सारं कापून वितळवून टाकते." ती अजिबात रडली नाही. आवाजही चढवला नाही. "मी म्हटलं, बरं झालं. लोखंडाचं लोखंड झालं. संपलं. आता तुमी म्हणून राहिले का ते रस्त्यानं फिरून राहिलं."

बाबा म्हणाले, "मले वाटलं, विचारलं पाहिजे."

"तुमाले वाटलं. तुमी विचारलं, तुमचं मन हलकं झालं असंल. माह्यं काय? आता रस्त्यानं गाडी गेली का मी उठून पाह्यन. रोज पाह्यन. काहून आले जी तुमी?"

बाबांच्या हातात पाण्याचा पेला तसाच होता. ते म्हणाले, "तुमी म्हणत असाल तर काढून टाकतो. उद्याच."

"काढून काय होते? मंग दुसऱ्याच्या गाडीत जाईल ते." ती उठली. आत जाताना माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला, का ते मला समजलं नाही, आणि ती आतल्या खोलीत गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

मग वडिलांनी विचारलं, "गरम होते का?"

"नाही होत," बाबा म्हणाले.

"तेल?"

"तेल पण नाही खात. चांगलं ठेवलेलं होतं."

"ठेवे तो," ते म्हणाले. "घरात पाण्याचा पेला उचलत नव्हता, पण गाडी रोज पुसे."

ते आम्हाला सोडायला स्टॉपपर्यंत आले. वाटेत गावातल्या कोणी विचारलं, पाहुणे कोठचे, तर ते म्हणाले, "वळखीचे आहेत." बस दिसायला लागली तेव्हा त्यांनी बाबांच्या दंडाला धरून बाजूला घेतलं. मी जवळच होते, मला ऐकू आलं.

"उभं नका ठेवू भाऊ. उभं ठेवलं का गंजते. चालवा. फक्त सावनेरकडं नका आणू. ती आवाज ओळखते. तो फाट्यावर आला का अथी चुलीवर चहा चढे."

बाबा "नाही आणत" म्हणाले. त्यांनी हात जोडले. पिशवीतला पत्रा त्यांनी बाहेर काढलाच नाही.

बसमध्ये बाबांना खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर होती. सावनेर मागे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "चुकलो का वं मी?"

मी तेव्हा जे उत्तर दिलं तेच आजही देईन. मी म्हटलं, "माहीत नाही बाबा." नंतर मी याच्यावर पुष्कळ विचार केला. न सांगता गाडी चालवली असती तर बाबा आतल्या आत कुढत राहिले असते, पण ती बाई शांत राहिली असती. सांगितल्याने ते खरेपणाने वागले, आणि त्या खरेपणाचं ओझं अर्धं तिच्या घरी ठेवून आले. यात कोणता भाग बरोबर आणि कोणता चूक, हे मला वेगळं करता येत नाही. आईने ताटं उचलताना विचारलेला प्रश्न आम्हाला आधी ऐकू यायला हवा होता, एवढं मात्र मला वाटतं. घरी आल्यावर तिने काय झालं ते विचारलं. बाबांनी सांगितलं. ती "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. तिने चहा ठेवला, आणि मग कसल्याशा विचाराने गॅस बंद करून थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पत्रा जागेवर बसवला आणि गाडी काढली. ते पूर्वीसारखे झाले असं म्हणता येणार नाही. जेवताना बोलतात, पण कमी. गाडी मात्र रोज पुसतात. आधी आठवड्यातून एकदा पुसायचे.

सावनेरच्या बाजूला विटांचं काम पुष्कळ आहे, तिकडे घरं होत आहेत. ते काम बाबांनी सोडलं. कारखान्याचा मालक सुरुवातीला चिडला, म्हणाला, तुमच्या मोठ्या इंजिनाचा मग उपयोग काय. बाबांनी त्याला कारण सांगितलं नाही. आता तो माल तो वयस्कर ड्रायव्हरच नेतो. तो भेटला की बाबांशी विटांबद्दल, डिझेलबद्दल बोलतो. त्या घराबद्दल बाबा विचारत नाहीत आणि तोही सांगत नाही.

मागच्या आठवड्यात मी बाबांसोबत गाडीत होते. परीक्षा संपली होती आणि मला त्यांच्यासोबत नुसतं फिरायचं होतं. बाबांचा फोन वाजला म्हणून मी उचलला. पलीकडे सावनेरचा कोणी घर बांधणारा होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की तुमच्या गाडीचं इंजिन मोठं आहे, वेळेवर माल येतो.

मी फोनवर हात ठेवून बाबांना सांगितलं. त्यांनी रस्त्यावरून नजर काढली नाही.

"सांग, आपण तिकडं येत नाही."

मी सांगितलं. तो म्हणाला, "काहून? रस्ता तर चांगला झाला आता."

"रस्त्याचं काही नाही काका. आमची गाडी तिकडे येत नाही."

"आजारी आहे का गाडी?"

"नाही. गाडी चांगली आहे."

"मंग?"

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, याला सांगितलं तर हा गावात सांगेल, आणि गावातून त्या घरात जाईल, आणि पुन्हा कोणीतरी उठून रस्त्याकडे पाहील. मी म्हटलं, "तुम्ही कारखान्यावर फोन करा काका. ते दुसरी गाडी पाठवतील, तुमच्याच बाजूची आहे." तो बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

समोर सावनेर रोडचा फाटा आला. कापूस भरलेली एक बैलबंडी आडवी जात होती. बाबांनी गाडी हळू केली, बंडी पूर्ण पलीकडे जाऊ दिली, आणि मग नागपूरच्या बाजूला वळवली.